उसना घोट

मीनाक्षीताई माणसांना घोटावरून ओळखायच्या. माणूस पाणी पितो तेव्हा गळ्यातून जो बारीक आवाज येतो, तो प्रत्येकाचा वेगळा असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला सुरुवातीला ते खरं वाटलं नाही. मग काही महिने त्यांच्या समोर बसून मी ते आवाज ऐकले.

परळच्या एका इस्पितळात, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, अन्ननलिकेच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या पेशंटांचा पाठपुरावा करणारी खोली आहे. दोन टेबलं, चार लोखंडी कपाटं, एक खिडकी. खिडकीतून पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची म्हणे. आता तिथे काचेची उंच इमारत आहे आणि दुपारचं ऊन तिच्यावर आपटून उलट्या दिशेनं खोलीत येतं. त्यामुळे तिथे सावल्या चुकीच्या बाजूला पडतात. एम. ए. झाल्यावर मला तिथे आठ महिन्यांचं काम मिळालं होतं. ताई फोन करून फॉर्म भरायच्या आणि मी ते फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे.

मीनाक्षी रघुवीर टिपणीस. वय सत्तावन्न, राहायला दादरला. सुती साडी, कानात मोत्याच्या कुड्या, चष्म्याला काळी दोरी. रोज डब्यात मऊ भात, वरण आणि लोणच्याचा नुसता खार. फोड कधी नाही. मला वाटायचं, दातांचं काहीतरी असेल.

तिथल्या कामाची पद्धत साधी होती. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं झालं की पेशंटनं पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं, नंतर दर सहा महिन्यांनी. मधल्या महिन्यांत आमचा फोन. फॉर्मवर पाच प्रश्न होते. गिळताना त्रास होतो का, वजन किती, उलटी होते का, खोकला येतो का, आवाज बदलला का. आजार परत आला किंवा ऑपरेशनमधल्या जोडाची जागा आकसली, तर बहुतेकदा ह्या पाचांतूनच आधी कळतं. पण पाचही प्रश्नांना लोकांचं उत्तर एकच असायचं. ठीक आहे.

"ठीक आहे म्हणजे उत्तर नाही गं," ताई म्हणायच्या, "ती आतून लावलेली कडी."

म्हणून त्या फॉर्मवर नसलेल्या दोन गोष्टी करायच्या. घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला विचारायच्या, काल काय शिजलं. आणि पेशंटला सांगायच्या, पाण्याचा एक घोट घ्या, फोन गळ्याशी धरा.

एका तरुण डॉक्टरनं एकदा हसत विचारलं होतं, "मॅडम, ह्याला शास्त्रीय आधार काय?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या सासूबाई कढईच्या आवाजावरून मासा झाला की नाही ते सांगायच्या. त्यालाही नव्हता."

ताई ज्याच्याबद्दल खूण करून ठेवायच्या, तो पेशंट डॉक्टर लवकर बोलावून बघायचे, एवढं मात्र खरं.

घोट ऐकायची सवय त्यांना एका फोनमुळे लागली. शिवडीची एक बाई नवऱ्याच्या वतीनं दर महिन्याला उत्तरं द्यायची. ठीक आहे, वजन अठ्ठेचाळीस, खोकला नाही. सात महिन्यांनी कळलं की नवरा पहिल्या फोनच्या आधीच गेला होता. ताईंनी विचारलं, का हो असं केलंत? ती म्हणाली, "तुम्ही इतकं विचारत होता ना. मग मला वाटायचं, असतील."

दुपारी दोनच्या पुढे त्या खोलीत फोन स्पीकरवर असायचा आणि एकामागून एक गळे वाजायचे. बोलणं थांबायचं, पेल्याला ओठ लागायचे आणि मग तो आवाज यायचा. कुणाचा घाईचा, कुणाचा चिकट, कुणाचा दोन-तीनदा अडखळून मग एकदम. लालबागचे कोंडीराम होते, गिरणीत जॉबर होते एके काळी, कामगारांवरचे मुकादम. ते पाणी प्यायच्या आधी वाद घालायचे.

"बाई, पाण्याचा कसला ऐकताय? शनवारी सांजच्याला फोन करा, झकास आवाज ऐकवतो."

"तो तुमच्या बायकोला ऐकवा, कोंडीराम."

"ती ऐकती की. म्हणून तर बोलत न्हाई माझ्याशी."

मग घोट यायचा. ताई डोळे मिटून ऐकायच्या आणि घोट ओळखीचा निघाला की फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायच्या. मी मान खाली घालून टाइप करायचे. अनोळखी माणसांचं शरीर इतक्या जवळून ऐकू नये, असं मला पुष्कळदा वाटायचं.

शरदचंद्र धराधर हे ताईंच्या आवडत्या पेशंटांपैकी. ठाकूरद्वारचे, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतले. फोर्टातल्या एका सॉलिसिटरांच्या फर्ममध्ये हेड क्लार्क होते, वय एकाहत्तर. तीन वर्षांपूर्वी त्यांची अन्ननलिका काढून टाकली होती. असं ऑपरेशन करताना पोटाची पिशवी नळीसारखी करून छातीतून वर ओढतात आणि मानेशी जोडतात. अशा माणसानं पुढे थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं आणि कधीही सपाट झोपायचं नाही. सपाट झोपलं की खाल्लेलं वर येतं.

"नमस्कार मीनाक्षीबाई, धराधर बोलतोय. आज आपण चार मिनिटं उशिरा आहात."

"तुमच्या आधी लालबाग होतं, धराधर. तिथे वेळ लागतो."

त्यांचा घोट मी दुसऱ्याच फोनला ओळखायला लागले. तो दोन भागांत यायचा. आधी गळ्यातला, आणि मग जरा खाली, जोडाच्या जागी, एक बारीक टक्. पाणी पायरी उतरल्यासारखं. ताई म्हणायच्या, ती पायरी वाजतेय तोवर मला काळजी नाही.

मग फोन सुमतीबाईंकडे जायचा, त्यांच्या पत्नीकडे. त्या काय शिजलं ते सांगायच्या आणि ते ऐकताना माझी बोटं थांबायची. सरंग्याचं भुजणं, कोलंबीची भानोली, पातवड. कोथिंबीर किती, नारळाचं दूध कुठलं, सगळं. "ह्यांना सगळं कुस्करून देते हो," असं शेवटी. संकष्टीला मात्र म्हणायच्या, "आज काही विचारू नका, माझा उपास, घरात वरणभात."

ऑगस्टमध्ये धराधर तपासणीला येऊन गेले. सगळं बरं होतं. वजन पंचावन्न. पुढची तारीख फेब्रुवारीची. सप्टेंबर, ऑक्टोबरचे फोन नेहमीसारखे झाले.

नोव्हेंबरच्या फोनवर त्यांनी नमस्कार केला, ठीक आहे म्हणाले, वजन चोपन्न सांगितलं. ताई म्हणाल्या, घोट घ्या. पेला हलल्याचा आवाज झाला. मग घोट आला. एकच. स्वच्छ, गोल, खाली पायरी नसलेला.

ताईंनी डोळे उघडले. "परत एकदा घेता का?"

पुन्हा तसाच आला.

"छान," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. टिंब दिलं नाही. बराच वेळ त्या समोरच्या काचेच्या इमारतीकडे बघत होत्या. डिसेंबरमध्येही तसंच. वजन त्रेपन्न, घोट निरोगी माणसाचा.

"चांगलंच आहे की मग," मी म्हटलं.

"जुई, ज्या वाटेला पायरी आहे तिथून ती न वाजता कोण उतरेल?"

जानेवारीत फोन केला तो मंगळवार होता. वजन बावन्न. घोट एकच. मग सुमतीबाई आल्या.

"काल काय केलंत?"

"कालचं कशाला, आजचंच सांगते. चिराबाजारात कोलंबी इतकी ताजी मिळाली, भानोलीच केली. वरून नारळाचं दूध घातलं जाडसर. घरभर वास सुटलाय."

फोन ठेवल्यावर ताई उठल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. चष्मा वर करून तारखेला बोट लावलं.

"आज अंगारकी," त्या म्हणाल्या.

तीन वर्षं जिची एक संकष्टी चुकली नाही, ती बाई अंगारकीच्या दुपारी कोलंबीची भानोली केल्याचं सांगत होती. एरवी मासे खाणाऱ्या आमच्या काय, त्यांच्या काय, घरांत संकष्टीला असलं होत नाही. घर कोसळलं तरी होत नाही. घरात खरोखर चूल पेटत असेल तर आजचा वार कोणता हे बाईला सांगावं लागत नाही.

"तिनं काहीच केलेलं नाहीये," ताई म्हणाल्या. "ती पाठ म्हणतेय."

"आणि धराधर? बोलले ना ते. तोच आवाज."

"आवाज त्यांचाच होता. गळा त्यांचा नव्हता."

उलट्या दिशेनं आलेलं ऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं.

ताईंनी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लवकर बोलवा. बुधवारी ताईंनी फोन केला. सुमतीबाई म्हणाल्या, आम्ही पुण्याला राजसकडे चाललोय, मुलाकडे, फेब्रुवारीचंही पुढे ढकला. गुरुवारी फोन उचलला गेला नाही. आमच्या खोलीतल्या माणसांनी पेशंटच्या घरी जायचं नाही, असा नियम आहे. शनिवारी अर्धा दिवस संपल्यावर ताई म्हणाल्या, "मी ठाकूरद्वारला जाऊन येते. मला तिथे कुणी पाठवलेलं नाही." मी पर्स उचलली.

दादरहून आम्ही भुयारी मेट्रो घेतली. डब्यात सातआठ माणसं. खिडकीत बघायला काही नसतं, फक्त आपलेच चेहरे दिसतात, जरा लांबट. त्या चेहऱ्याकडे बघतच ताई बोलल्या.

"हे गेले तेव्हा मी ह्याच इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर होते. दिवसभर लोकांना विचारायचे, गिळताना त्रास होतो का. घरी विचारलं नाही."

ताईंनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"एकदा पोळीचा तुकडा अडकला त्यांना. दुसऱ्या दिवसापासून मी पोळी दुधात भिजवून दिली. मग भात. मग मऊ भात. मग पेज. त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण मी कारणच ठेवलं नाही. त्यांच्या घशाच्या पुढे पुढे माझं पातेलं चाललं होतं. पेजसुद्धा उतरेना तेव्हा आम्ही दाखवायला गेलो. आठ महिने उशीर. अकरा वर्षं झाली."

गिरगाव स्टेशन आलं. सरकते जिने इतके लांब की वर पोचेपर्यंत माणसाला आपण खाली कशाला गेलो होतो ते आठवेनासं होतं.

धराधरांची वाडी पाडून तिथे उंच इमारत झाली होती. त्यांचं घर नवव्या मजल्यावर. जेवणाची वेळ होती. लिफ्टला जाळीचा झरोका होता आणि प्रत्येक मजल्याचा वास आत येत होता. कुठे हिंगाची फोडणी, कुठे तळण, कुठे शेवग्याच्या आमटीचा. नवव्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि वास थांबला.

सुमतीबाईंनी दार उघडलं. मी त्यांना आवाजावरून गोल, गुटगुटीत समजले होते. समोर जी बाई होती तिनं हात वर केला असता तर बांगड्या कोपरापर्यंत गेल्या असत्या.

"मी मीनाक्षी. इस्पितळातली."

त्या घाबरल्या नाहीत. दमल्यासारख्या झाल्या. "या," म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, अंगारकीचं तुम्ही सोडणार नाही. फोन ठेवला आणि कॅलेंडर दिसलं."

हॉलमध्ये शरदचंद्र आरामखुर्चीत बसले होते, पाठीशी चार उशा. पांढरा सदरा, घडी मोडलेली नाही, पण आतलं माणूस सदऱ्याला कुठे टेकत नव्हतं. मागे दोन पलंग. दोघांच्याही उशाकडच्या पायांखाली विटा लावलेल्या. मी दुसऱ्या पलंगाकडे बघतेय हे सुमतीबाईंनी पाहिलं.

"ते तिरके आणि मी सपाट, मग रात्री एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

"नमस्कार मीनाक्षीबाई," शरदचंद्र म्हणाले. तोच आवाज, नीटनेटका. "आज आपण वेळेच्या पुष्कळ आधी आहात. फेब्रुवारी म्हणाला होतात."

"वाटेत होते, आले."

"ठाकूरद्वार कुणाच्या वाटेत नसतं. इथे यावंच लागतं."

ते हसले आणि मग गप्प झाले. त्या शांततेत एक आवाज आला. गुळगुळ, बुडबुड, बंद दारामागे कुणी पुटपुटावं तसा. मी मागे वळून पाहिलं. दोघांनीही पाहिलं नाही. तो त्यांच्या छातीतून येत होता, वर ओढून बसवलेल्या पोटातून. त्या घरात आम्ही चौघं होतो, पण पुढे सगळा वेळ मला वाटत राहिलं की आमचं बोलणं थांबायची वाट बघणारं पाचवं कुणीतरी तिथे आहे.

ताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. ओटा लखलखत होता. मसाल्याच्या बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या. तवा खिळ्याला टांगलेला. ताईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ बघितली. ओट्यावर वापरातली वस्तू एकच होती, बारीक जाळीची गाळणी, आणि तिच्याखाली पातेल्यात धुरकट पांढरं पाणी.

"शेवटची पोळी कधी केलीत, सुमतीताई?"

सुमतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले. "गणपतीत..." म्हणाल्या आणि थांबल्या. "नाही. गणपतीत भातच होता."

"पेज गाळायला कधीपासून लागलात?"

"दिवाळीनंतर. शितं लागायची त्यांना." मग त्या भराभर बोलायला लागल्या, हळू आवाजात, हॉलमध्ये जाऊ नये म्हणून. "नोव्हेंबरात तुमचा फोन यायचा होता. आदल्या दिवशी पाणी पिताना त्यांना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. फोनवर तुम्ही घोट घ्या म्हणालात. त्यांच्या हातात पेला होता. ते तो वर उचलेनात. मी तो काढून घेतला आणि मीच प्यायले. विचारून नाही केलं काही. नंतर त्यांनीही काही विचारलं नाही."

"आणि वजन?"

"काट्यावर मी उभी राहते. ते आकडा वाचून ठेवतात."

म्हणजे चोपन्न, त्रेपन्न, बावन्न ही सुमतीबाईंची वजनं होती. तीन महिने मी त्यांना टाइप करत होते.

"आणि ते पदार्थ?"

ह्या प्रश्नाला त्या जरा लाजल्या. "तुम्हाला सांगत असायचे ना, तेव्हा ते डोळे मिटून ऐकायचे. त्या दिवशी वाटीभर पेज जास्त जायची. मग मी रोज सांगायला लागले, भरवताना. आज भानोली. आज भुजणं. मीही तेच पिते, तेच ऐकते. वेगळं कुणासाठी करायचं?" थांबल्या. "हल्ली माझ्याही घशाशी अडकतं. त्यांना बोलू नका."

ताईंनी गाळणी उचलली, नळाखाली धरली, निथळली आणि जागेवर ठेवली. त्यांचा हात ती वस्तू ओळखत होता.

हॉलमध्ये शरदचंद्रांनी सगळं ऐकलेलं असावं. ताई समोर बसताच ते म्हणाले, "मीनाक्षीबाई, राहू द्या. चाळीस वर्षं मी लोकांची जुनी कागदपत्रं उघडली. पेटी उघडली की आतून काहीतरी निघतंच. बंद आहे तोवर सगळं निर्वेध."

"जोडाची जागा आकसली असेल. नुसता व्रण. दुर्बीण घालतात, फुगा घालतात, रुंद करतात. पुष्कळांचं एवढंच निघतं."

"आणि उरलेल्यांचं?"

"त्यांना आज कळणं आणि दोन महिन्यांनी कळणं ह्यात फरक पडतो. मी तो फरक बघितलाय. माझ्या घरात."

छातीतलं ते पुटपुटलं.

ताईंनी पाण्याचा पेला मागवला आणि त्यांच्या हातात दिला. "एक घोट घ्या. फोन नाहीये आज."

त्यांनी सुमतीबाईंकडे पाहिलं नाही. पेला तोंडाला लावला. पाणी तोंडात गेलं, गाल जरासे फुगले. आम्ही ऐकत होतो. खालून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते आणि तेही लांब गेल्यासारखे झाले. त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली. पाणी तोंडातच होतं. खाली जात नव्हतं.

आणि घोट ऐकू आला.

तो त्यांच्या मागून आला. सुमतीबाई उभ्या होत्या, हात रिकामे, ओठ मिटलेले, नजर नवऱ्याच्या गळ्यावर. त्यांचा गळा वर जाऊन खाली आला होता. त्यांनी काहीच प्यायलं नव्हतं. त्यांना ते कळलंही नव्हतं.

शरदचंद्रांनी पेल्यात पाणी सोडलं. हळूच मान वळवून बायकोकडे बघितलं. बहुतेक पुष्कळ दिवसांनी ते तिच्या हातांकडे, गळ्याच्या हाडांकडे, ढिल्या झालेल्या पोलक्याकडे बघत होते. दर महिन्याला काट्यावरचा आकडा त्यांनीच वाचला होता, आणि तो कुणाचा हे ते विसरले होते.

"सुमती," ते म्हणाले, "तू काय गिळलंस?"

"कुठे काय?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग ताईंना म्हणाले, "सोमवारी किती वाजता यायचं?"

सोमवारी त्यांचं वजन सेहेचाळीस भरलं. दुर्बीण जोडाच्या जागेतून आत जाईना, इतकी फट लहान झाली होती. डॉक्टरांनी फुगा घालून ती थोडी रुंद केली, तपासायला तुकडा पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागले. ते आठ दिवस ताई घोट ऐकताना चुकत होत्या. कोंडीराम म्हणाले सुद्धा, "बाई, आज ध्यान कुठंय? दुसऱ्यांदा प्यायलो."

रिपोर्टात व्रण निघाला. नुसता व्रण. अजून दोन-तीनदा फुगा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसत बसल्या.

मी ती माहिती चढवली तेव्हा कॉम्प्युटरनं वजनाचा आलेख काढून दाखवला. ऑगस्टपासून हळूहळू, अगदी सभ्यपणे उतरत आलेली रेघ जानेवारीत एका आठवड्यात सहा किलो खाली कोसळली होती.

"मधले तीन आकडे खोडू?" मी विचारलं.

"नको. ते खोटे नाहीत. फक्त त्यांचे नाहीत. शेऱ्यात लिही."

मी लिहिलं, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, ही वजने सुमती शरदचंद्र धराधर यांची.

फेब्रुवारीत फोन केला.

"नमस्कार मीनाक्षीबाई. आज आपण दोन मिनिटं उशिरा आहात."

"सुधारतेय मी, धराधर. वजन?"

"अठ्ठेचाळीस. स्वतः उभा राहिलो. साक्षीदार हजर आहे."

"घोट घ्या."

पेला, ओठ, आणि मग गळ्यातला आवाज. त्याच्या खाली, जरा थांबून, टक्. ताईंनी डोळे न उघडताच टिंब दिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

मग सुमतीबाई आल्या. "मुगाची खिचडी केली काल. गाळली नाही. तेवढंच, बाकी काही नाही."

"बास आहे की."

"मीनाक्षीताई, एक सांगू? माझाही ऐका ना एकदा. मला आपलं अडकल्यासारखं वाटतं अजून. हे म्हणतात, मनाचं आहे."

"घ्या. फोन गळ्याशी धरा."

सुमतीबाईंच्या गळ्याला कधी कुणी हात लावलेला नव्हता. तिथे जोड नव्हता, टाका नव्हता. नोव्हेंबरात, डिसेंबरात आम्ही तोच गळा ऐकला होता, स्वच्छ, गोल, एकच घोट.

आम्ही ऐकलं. घोट आला. आणि मग, जरा खाली, एक बारीक टक्.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मीही ऐकलं होतं.

"सुमतीताई," ताई फोनमध्ये म्हणाल्या, आवाज अगदी नेहमीचा, "उद्या सकाळी दहाला तुम्ही या. धराधरांना घरी ठेवा. तुम्ही एकट्या."

फोन ठेवून त्यांनी कपाटातून एक कोरा फॉर्म काढला आणि वरच्या ओळीत नाव लिहायला लागल्या.